सुजेचा माग काढत शिराळ्यापर्यंत

शिराळ्याला बाहेरचं माणूस उतरलं की गाव समजतं, नाग बघायला आलंय. मी मार्च महिन्यात उतरले, तेव्हा स्टँडसमोरच्या चहावाल्याने मला मोठ्या सहानुभूतीने सांगितलं, "मॅडम, चुकलासा. नागपंचमी श्रावणात असती." मी म्हटलं, मी नागासाठी नाही, एका एन्झाइमसाठी आले आहे. त्याने कपात चहा ओतता ओतता विचार केला आणि विचारलं, "ते कुणाच्या घरात असतंय?"

प्रश्न अगदी अचूक होता. ते कुणाकुणाच्या घरात आहे एवढंच शोधायला मी आले होते.

मी मूळची अकोल्याची, नोकरीने पुण्याची. एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं कॅलिक्राइन नावाच्या एकाच एन्झाइमवर काम करते. नवऱ्याचं म्हणणं, इतकं लक्ष मी त्याच्याकडे कधी दिलं नाही. हे खरं आहे. कॅलिक्राइन ही आपल्या रक्तातली कात्री आहे. एरवी ती मिटलेली असते. कुठे इजा झाली की उघडते, एका मोठ्या प्रथिनाचा छोटासा तुकडा कापते, आणि त्या तुकड्यामुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. पाणी बाहेर येतं, जागा सुजते. सूज म्हणजे वाईटच असं नाही, डागडुजीची माणसं त्या पाण्यातूनच पोचतात. काम झालं की दुसरं एक प्रथिन कात्रीला जाऊन चिकटतं आणि ती बंद करतं. काही घराण्यांत या आवर घालणाऱ्या प्रथिनाचा जन्मतःच तुटवडा असतो. मग कात्री उघडते ती उघडीच राहते. हात सुजतो, ओठ सुजतो, आतडं सुजतं. गळा सुजला तर माणूस गुदमरतो.

बावीस वर्षांत मी ही कात्री फक्त काचेपलीकडे पाहिली होती. ती माणसात कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

कराड

सुरुवात कराडपासून झाली. वैशालीताई तिथे प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत, वय चौतीस. त्यांच्या डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी आमच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं होतं. घर नदीकडच्या बाजूला. संध्याकाळी त्यांनी मला संगमावर नेलं. कृष्णा आणि कोयना इथे भांडायला उभ्या राहिल्यासारख्या समोरासमोर येतात आणि मग समजूतदारपणे एकाच दिशेने निघून जातात. आम्ही बाकावर बसलो आणि त्यांनी मला आपल्या सुजेचा इतिहास तारीखवार सांगितला. शिक्षिका असल्याने त्यात पाल्हाळ नव्हतं.

"चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पोट. सगळ्यांना वाटलं अपेंडिक्स. कापलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स लय चांगलं होतं."

"मग?"

"मग काय, चांगलं अपेंडिक्स गेलं आणि पोट राहिलं."

त्यानंतर ॲलर्जी म्हणून त्यांनी अंडं सोडलं, वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले. साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाने शेंगदाणे सोडायचे म्हणजे जवळपास संन्यासच. सूज येतच राहिली. ॲलर्जीच्या गोळ्यांचा उपयोग होत नव्हता, कारण ही ॲलर्जी नव्हतीच. गोळी ज्या दाराला कुलूप लावते त्या दाराने ही सूज येत नाही.

रात्री ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. आमच्या अकोल्यात पाहुण्याला 'चहा घेता का' असं विचारतात, इथे विचारत नाहीत. ताटात पडतं, ते संपवायचं. दुसऱ्यांदा मसूर पडल्यावर वैशालीताईंनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचे थोरले चुलते सव्विसाव्या वर्षी गेले होते. दाढ काढली, गळा सुजला, गेले. आणि आता वडिलांची दाढ दुखत होती. सोमवारी काढायची ठरली होती.

"आबांना कधी काही झालेलं नाही, असं आबा म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण मग हे माझ्यात आलं कुठून?"

हा आजार आई नाहीतर बाप, यांच्याकडून येतो. आईच्या माहेरी कुणाला सूज नव्हती. चुलते बापाकडचे. दाढ काढणं म्हणजे या कात्रीला घरी बोलावून पाट मांडून देणं आहे. सोमवार चार दिवसांवर होता.

शिराळ्याजवळ

वैशालीताईंचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शिराळ्याजवळच्या खेड्यात राहतात. गाव त्यांना आबा म्हणतं. गालात लवंग धरून ते ओट्यावर ताठ बसले होते. त्यांचा मुलगा संदीप गावात दूध संकलन केंद्र चालवतो. सून शीतल मिरजेची. हे सगळे रक्त द्यायला तयार होते. आबा नव्हते.

"मला काय झालंय? सव्वीस वर्षं सैन्यात हुतो. लडाखला हुतो. थंडीनं बोटं झडली लोकांची, माझं नख गेलं न्हाई."

मी कात्रीचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अट घातली. "आधी तुमचं रक्त काढा. जो हुकूम देतो त्यानं आधी करून दाखवावं."

मी माझंच रक्त काढलं. शास्त्रीय दृष्ट्याही ते बरं होतं, तुलनेला एक निरोगी माणूस मिळालं. मग आबांनी घरच्यांना वयाप्रमाणे रांगेत उभं केलं आणि स्वतः पहिले बसले. दाढ आठ दिवस पुढे ढकलायलाही कबूल झाले. सुई टोचताना त्यांनी भिंतीवरच्या पदकांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

सोबत आणलेल्या छोट्या यंत्रात नळ्या फिरवून मी वरचं पिवळं पाणी वेगळं केलं आणि वैशालीताईंच्या कराडला घेतलेल्या नळीसह सगळं एका डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हसवडला जायचं होतं. तिथल्या उन्हात डबा हिंडवण्यापेक्षा इथे राहू दे, असा मी विचार केला. संदीपला बजावून सांगितलं, "इथेच फळीवर राहू दे. फ्रिजमध्ये अजिबात ठेवायचं नाही."

"काय काळजी करू नका मॅडम," संदीप म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मी खरंच काळजी केली नाही.

जेवायला भाकरी, आमटी आणि खर्डा होता. आमच्याकडे ठेचा म्हणतात आणि तो जास्त तिखट असतो, असं मी आल्याआल्याच बोलून बसले होते. शीतलने वाटी पुढे सरकवली. पुढची दहा मिनिटं मी निवेदन करण्याच्या परिस्थितीत नव्हते.

म्हसवड

आबांच्या थोरल्या बहीण, हौसाआत्या, म्हसवडला दिल्या आहेत. कराड सोडून पूर्वेकडे निघालं की ऊस हळूहळू संपतो, मग बाभळी संपतात आणि शेवटी फक्त क्षितिज उरतं. बसमध्ये सगळे उन्हाबद्दल बोलत होते. अडतीस अंश होतं. आमच्याकडे याला सुखद म्हणतात, पण खर्ड्याचा प्रसंग ताजा असल्यामुळे मी तोंड उघडलं नाही.

आत्या पंचाहत्तरीच्या. अंगण झाडलेलं, शेजारच्या मेंढ्या पत्र्याच्या सावलीला. बसल्याबसल्या त्यांनी हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं पुढ्यात ठेवलं. मी विषयाला हात घालण्याआधीच त्या म्हणाल्या, "सुजंचं इचारायला आलीस न्हवं? मला हाय की. ल्हानपणापासनं."

"औषध काय घेता?"

"तीन दिस वाट बगती. मग जाती."

हा त्यांचा उपचार आणि माझी बावीस वर्षं यांत फारसं अंतर नव्हतं. मी दातांचं विचारलं. आत्यांनी तोंड उघडून दाखवलं. एकही नव्हता.

"सगळं आपणहून पडलं. एक बी काढू दिला न्हाई कुणाला. थोरल्याची दाढ काढली, दुसऱ्या दिशी गळा सुजला, तिसऱ्या दिशी त्यो न्हवता. तवाच ठरीवलं, ह्या घरात दाताला हात लावायचा न्हाई."

कुठलाही अहवाल न वाचता या बाईने निदानही केलं होतं आणि प्रतिबंधही. मी म्हटलं, आबांना मात्र कधी काही झालं नाही.

"कुणाला, तान्याला?" आत्या हसल्या. "आगं, त्याचा हात सुजून भाकरीएवढा हुयाचा. आई चुलीतली राख लावायची. तीन दिसांनी उतरायचा, नाव राखंचं हुयाचं."

मी आत्यांचं रक्त घेतलं. डबा शिराळ्याला होता, म्हणून त्यांची नळी पर्समध्ये, रुमालात गुंडाळून ठेवली. रात्रभर ती माझ्या उशाशी होती. दुसऱ्या दिवशी शिराळ्याला आले तर डबा फळीवर जसाच्या तसा. संदीपने त्यावर स्वच्छ पंचासुद्धा पांघरला होता. मला फार बरं वाटलं.

पुणे

अहवाल बुधवारी आला. त्यानुसार वैशालीताईंची कात्री भलतीच उघडी होती. आबांचीही. इथपर्यंत ठीक. संदीपचीही. मग शीतलची, जी मिरजेहून लग्न करून आलेली. आणि त्या सगळ्यांवर कडी म्हणजे माझी. अहवालानुसार मी त्या घराण्याची सख्खी लेक होते आणि माझी तब्येत आबांपेक्षा वाईट होती. एकट्या हौसाआत्यांची नळी शहाण्यासारखी वागत होती. आकडा नेहमीपेक्षा थोडा जास्त, आजार असलेल्या माणसाचा असावा तेवढाच.

आत्यांची नळी पर्समध्ये होती. बाकीच्या डब्यात. मी संदीपला फोन लावला.

"संदीप, डबा फ्रिजमध्ये ठेवला होता का?"

"छ्या, तुमी सांगितल्यालं की. घरच्या फ्रिजाचा भरवसाच न्हाई, लाइट गेली की संपलं. मी केंद्रावर नेला. दुधाच्या बल्क कूलरच्या गार पाण्यात, पिशवीत गच्च बांधून. जनरेटर हाय मॅडम. चार डिग्री. काटा हलला न्हाई. तुमी यायच्या आधी पुसून फळीवर ठेवला."

त्याचा आवाज बक्षिसाची वाट बघणाऱ्याचा होता. दोन वेळचं दूध सांभाळणाऱ्या माणसाला शहरातली बाई रक्त मार्चमध्ये फळीवर ठेव म्हणते, तेव्हा तो तिची चूक गुपचूप सुधारतो आणि उपकार बोलूनही दाखवत नाही. यालाच तिकडे पाहुणचार म्हणतात. अडचण एवढीच की थंडीत बाकी सगळी एन्झाइम निजतात आणि ही एक जागी होते. तिला आवरणारं प्रथिन गारठ्यात ढिलं पडतं, आणि मग नळीतल्या नळीत कात्री सगळं कापून काढते. हे मी त्याला समजावलं.

"म्हंजी मी नासवलं," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं, चूक माझी आहे, कारण सांगायला हवं होतं. हे मी शिष्टाचार म्हणून बोलले नाही. मी नियम सांगितला होता आणि कारण स्वतःजवळ ठेवलं होतं, ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे.

मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, आबा आता थांबायचं न्हाईत. आठ दिस झोपल्यालं न्हाईत. उद्या दुपारी दाढ काढायला शिराळ्याला निघाल्यात."

पुन्हा तिथेच

पहाटेच्या गाडीने निघाले. कराडला वैशालीताई गाडीत चढल्या. त्यांनी शाळेत रजा टाकली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, "वडिलांची दाढ, असं लिहिलंय. मुख्याध्यापक हसले."

आबा ओट्यावरच होते, धुतलेला शर्ट घालून, निघायच्या तयारीत. गालात लवंग अजून होतीच. मी पुन्हा रक्त मागितलं.

"एकदा दिलं. तुमी नासवलं. आता न्हाई."

"आबा, दाढ तरी चार दिवस थांबवा."

"दाढ माझी हाय, दुखतंय मला."

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्हीपैकी कुठलं आधी बोलावं ते ठरेना, म्हणून मी हौसाआत्यांचं बोलून टाकलं. "लहानपणी तुमचा हात भाकरीएवढा सुजायचा. आत्यांनी सांगितलं."

संदीप दारात होता, शीतल आत चुलीपाशी थांबली. आबांनी पायांतल्या चपला काढून नीट जुळवून ठेवल्या आणि पुन्हा बसले.

"सैन्यात बी सुजायचा," ते म्हणाले. "सांगायचो, मधमाशी चावली. लडाखला मधमाशी कुठली? पर कुणी इचारलं न्हाई. कबूल केलं असतं तर घरी धाडला असता. खाणारी तोंडं सात हुती."

मग ते वैशालीताईंकडे न बघता बोलू लागले. "ही नववीत असताना पोट धरून लोळत हुती. मी रजेवर हुतो. मी म्हणालो, परीक्षा चुकवाया नाटकं करती. हाताला धरून शाळंत नेऊन बसीवली. दोन दिसांनी तिचं पोट कापलं." त्यांनी दुखरा गाल तळहाताने दाबला. "मला ठावं हुतं ते काय हाय. मला बी तसंच दुखायचं. तरी नाटकं म्हणालो. आता तुमी कागदावर लिवून देणार की ह्ये माझ्याकडनं तिच्यात गेलं. म्हणून रक्त द्यायचं न्हाई."

दाढेची भीती त्यांना नव्हतीच. मी इतके दिवस चुकीच्या जागी समजूत घालत होते.

वैशालीताई उठल्या. मला वाटलं रडतील किंवा भांडतील. दोन्हींचा त्यांना हक्क होता. त्या आबांच्या शेजारी ओट्यावर बसल्या, आणि वर्गात पोरांना सांगतात तशा आवाजात म्हणाल्या, "आबा, हात पुढं करा."

आबांनी हात पुढे केला.

या वेळी मी संदीपला शेजारी बसवून एकेक पायरी कारणासकट सांगितली. नळ्या मी स्वतः घेऊन निघाले, पण स्टँडपर्यंत डबा त्याने धरला. कराडपर्यंत वारा लागायला नको म्हणून बसच्या खिडकीची काच लावून दिली, आणि उसाच्या ट्रॉलीमागे बस अडकली असताना सगळ्या प्रवाशांना मी त्याबद्दल उत्तरं देत बसले.

कराड, शेवटी

उत्तर दोन दिवसांत मिळालं. आबांना होतं, वैशालीताईंना होतं. संदीपला नव्हतं, शीतलला नव्हतं, आणि मलाही नव्हतं, हे कळल्यावर नवरा म्हणाला, मग तुझ्या चिडचिडीचं कारण वेगळं असणार.

आबांची दाढ कराडच्या एका दवाखान्यात काढली. काढायच्या आधी त्यांच्या शिरेत दात्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं ते पिवळं पाणी, सोडला. त्यात दुसऱ्या कुणाचं ते आवर घालणारं प्रथिन असतं. आबांनी टांगलेल्या पिवळ्या पिशवीकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणाचं हाय?"

"माहीत नाही आबा. कुणीतरी दान केलेलं."

"पलटण तरी कुठली?"

डॉक्टर त्यांना तिथे ठेवून दोन दिवस बघणार होते, म्हणून मीही थांबले. माझं तिथे काही काम नव्हतं. मला फक्त जाववेना. वैशालीताई दर तासाला आबांना एक वाक्य बोलायला लावत आणि आवाज बदलला का ते ऐकत. आबांनी आधी सगळे पाढे म्हटले, मग सैन्यातल्या हुद्द्यांची नावं, मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटवर टीका. गळा सुजला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खर्डा मागितला आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं.

त्याच सकाळी वैशालीताईंची मुलगी स्वरा आबांना भेटायला आली. सहा वर्षांची. तिचं रक्त तपासायचं का, हा विषय मी दोनदा काढला होता आणि वैशालीताईंनी दोन्ही वेळा बदलला होता. "कळलं तर मी नुसती तिच्याकडं बघत बसेन," त्या म्हणाल्या होत्या. आबांनी नातीला मांडीवर घेतलं, स्वतःच्या हातावरची, प्लाझ्मा दिला तिथली पट्टी दाखवली, आणि मला म्हणाले, "घ्या. हितं, माझ्यासमोर." वैशालीताईंनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. स्वरा रडली, मग थांबली.

मी पुण्याला परतले. स्वराचा अहवाल आला, तो मी फोनवर सांगितला. तिला होतं. ते ऐकून वैशालीताईंनी फोन आबांकडे दिला. मी पुढचं सांगत राहिले, की आता ठाऊक आहे, काय टाळायचं, कुठे न्यायचं, घाबरायचं कारण नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिच्या दप्तरात ठेवाया एक कागद लिवून धाडा. मराठीत. बाईंस्नी कळंल असा."

मी लिहिला आणि वाचून दाखवला. ही सूज ॲलर्जीची नाही. नेहमीच्या इंजेक्शनने उतरणार नाही. गळा जड वाटला तर वाट न बघता दवाखान्यात न्या. दात काढण्याआधी डॉक्टरांना हा कागद दाखवा. खाली आईचा नंबर.

"समदं बरोबर हाय," आबा म्हणाले. "पर सगळ्यांत वर एक ओळ घाला."

"सांगा."

हुकूम लिहून घ्यायला लावतात तसं त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"पोरगी दुखतंय म्हणाली, तर दुखतंय."